जुना स्टोव्ह घ्यायला गेले तेव्हा

आमच्या बैठकीच्या खोलीतली फायरप्लेस आम्ही घर घेतलं तेव्हापासून बंदच होती. आधीच्या मालकांनी तिच्या तोंडावर पातळ फळी ठोकून वर भिंतीचाच रंग दिला होता. नवरा दर हिवाळ्यात म्हणायचा, ही उघडू या. मी म्हणायचे, राख कोण काढणार? सेंट्रल हीटिंग होतं, दोघांच्या हॉस्पिटलच्या ड्यूट्या होत्या, मुलगी लहान होती. फळी तशीच राहिली.

नवरा पुण्याला गेला तो सहा महिन्यांसाठी. तो नुकताच रिटायर झाला होता आणि सासूबाईंना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. सासूबाई गेल्या. मी जाऊन दिवस करून आले. त्यानंतर फ्लॅटचं काम निघालं, मग एका ट्रस्टच्या दवाखान्यात त्याने आठवड्यातून दोन सकाळी बसायला सुरुवात केली, मग टेकडीवर फिरायला जाणारा ग्रुप झाला. आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. मी गेले तर तिकडे माझं काय आहे, आणि तो आला तर इकडे त्याचं काय आहे, हे आम्ही एकमेकांना मोठ्याने कधी विचारलं नाही. रोज फोन व्हायचा. मग एक दिवसाआड. मग ज्याला आठवेल त्याने करायचा.

मी ॲनेस्थेटिस्ट होते. ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात तीसेक वर्षं माणसांना गुंगी दिली आणि ती जागी होईपर्यंत त्यांच्या उशाशी बसले. लोकांना वाटतं, भूल दिली की आमचं काम संपलं. खरं तर तिथूनच सुरू होतं. बेशुद्ध माणसाचा श्वास, रंग, नाडी बघत बसायचं. रिटायर झाल्यावर घरात बघत बसण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

त्या जानेवारीत वादळ झालं आणि आमच्या भागातली वीज दोन दिवस गेली. बॉयलर गॅसचा असला तरी विजेशिवाय चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. पहिला दिवस मी दोन स्वेटर आणि नवऱ्याचा इथेच राहिलेला ओव्हरकोट घालून काढला. खिडकीतून समोरच्या तीन घरांच्या धुराड्यांतून धूर निघताना दिसत होता. यातल्या एकाही घराचं दार वाजवून ‘मी जरा बसू का’ म्हणण्याइतकी आपली ओळख नाही, हे पंचवीस वर्षांत प्रथमच माझ्या लक्षात आलं. नाताळची कार्डं द्यायचो, कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवताना हवेबद्दल बोलायचो, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसले आणि हीटर लावला. रेडिओ होता, फोनही चार्ज होत होता. दहा मिनिटांनी शेजारचे गृहस्थ कुत्रा घेऊन आले, वाकून हात केला आणि मी कुठेतरी निघालेय असं समजून थांबून राहिले, माझ्यासाठी रस्ता मोकळा आहे का ते बघत. त्यांनी ‘या’ म्हणून खूण केली. मग मला गाडी काढावीच लागली. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जाऊन मी तासभर बसले आणि परत आले.

वीज आल्यावर पहिलं काम केलं ते फळी काढण्याचं. पेचकसाने कड उचकटली आणि फळी एकदम हातात आली. आत काजळी, विटांचा चुरा, एका पक्ष्याचा वाळलेला सांगाडा. मी शिवणाच्या टेपने मापं घेतली. रुंदी, उंची, खोली. तीनही आकडे एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवले. नवा स्टोव्ह घ्यायची इच्छा होईना. आपण आणखी किती हिवाळे इथे आहोत हेच नक्की नसताना नवीकोरी वस्तू कशाला, असं काहीसं मनात होतं. म्हणून जुन्याच्या शोधाला लागले.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘स्टोव्ह? पंप मारायचा?’’

‘‘अरे, लाकडं जाळायचा. लोखंडी पेटी असते, पुढे काचेचं दार. फायरप्लेसमध्ये बसवतात.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला. मग तिकडे कुणीतरी दार वाजवलं आणि फोन राहिला.

जुन्या स्टोव्हच्या जाहिराती इंटरनेटवर पुष्कळ असतात. मी रात्रंदिवस त्याच बघू लागले. पहिला स्टोव्ह बघायला गेले तो एका तरुण जोडप्याचा. त्यांना बाळ होणार होतं, म्हणून ते काढत होते. स्टोव्ह देखणा होता, पण माझ्या कागदावरच्या आकड्यांपेक्षा बोटभर रुंद. शिवाय स्टोव्हच्या दोन्ही बाजूंना हवा खेळायला जागा सोडावी लागते, हे त्या मुलीनेच मला सांगितलं. मग विचारलं, तुमचे मिस्टर येऊन बघणार आहेत का. मी म्हटलं, ते बाहेरगावी असतात. बाहेरगावी हा शब्द इंग्रजीत म्हणायला गेलं की फार तात्पुरता वाटतो.

दुसरा स्टोव्ह जुन्या सामानाच्या एका वखारीत होता. तिथे पत्र्याखाली ओळीने वीसेक स्टोव्ह गंजत पडले होते. मालकाने त्यातल्या एकाला नुकताच काळा रंग फासला होता. मी घरून टॉर्च नेला होता. तो पेटवून स्टोव्हच्या पोटात ठेवला, दार लावलं आणि मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. मागच्या पत्र्यावर केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. मालक म्हणाला, एवढं चालतं. मी म्हटलं, नाही चालत. फट म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. जन्मभर भुलीच्या मशीनच्या नळ्या लीक होत नाहीत ना, हे तपासूनच मी कामाला सुरुवात केली होती. त्या दिवशी परत येताना मी स्वतःवर बरीच खूश होते.

तिसरी जाहिरात फोटोशिवाय होती. ‘लहान लोखंडी स्टोव्ह, चालू स्थितीत, घर सोडत आहे.’ मापं दिली होती, ती जुळत होती. फोन लावला तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उचलला. सावकाश, दमून बोलत होते. म्हणाले, गुरुवारी दुपारी या, पेटवून दाखवतो.

समुद्रकाठचं छोटं गाव होतं, माझ्या घरापासून तासाभरावर. ओळीतलं शेवटचं, बसकं दगडी घर. गृहस्थ ऐंशीच्या पुढचे, उंच, खांद्यात वाकलेले. आयुष्यभर फेरीबोटींवर इंजिनाचं काम केलेले. त्यांनी मला ‘हेन’ म्हटलं, इकडे बायकांना मायेने म्हणतात तसं, आणि आत नेलं. मागच्या दाराशी, गार फरशीवर एक म्हातारा कुत्रा पडला होता. त्याने मान उचलून पाहिलं, पण आत आला नाही.

‘‘तीन आठवडे झाले, खोलीत पाऊल टाकत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘बायको गेल्यापासून त्याचं असंच काहीतरी चाललंय.’’

बायको गेल्या वसंतात गेली होती. मुलगा न्यूझीलंडला. आता सोबतीची, देखरेखीची सोय असते तशा फ्लॅटमध्ये त्यांना जागा मिळाली होती. तिथे कुत्रा चालतो, आग चालत नाही. म्हणून स्टोव्ह विकायचा. हे सगळं त्यांनी चहा करता करता सांगितलं. मधेच थांबून ते टेबलाला धरायचे. फ्लू झालाय, म्हणाले, जातच नाही. डोकं सतत ठणकतं. समुद्रावर कुत्र्याला घेऊन गेलं की बरं वाटतं, घरी आलं की पुन्हा तेच.

इथेच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. मी स्टोव्हकडे बघत होते.

छोटासा, चार पायांचा, दारावर ओकच्या पानांची नक्षी असलेला स्टोव्ह होता. काच मात्र काळीकुट्ट झाली होती आणि आत ज्वाळा नव्हत्या, नुसती धुमसत होती लाकडं. ते म्हणाले, यंदा लाकडं ओली मिळाली. लाकडांचं सगळं बायको बघायची. कुठून आणायची, किती महिने वाळवायची, धुराडं साफ करणाऱ्याला कधी बोलवायचं, सगळं तिच्या डोक्यात. ‘‘मी बोटीचं इंजिन बघायचो, ती घराचं,’’ असं म्हणून ते खुर्चीत बसले. खुर्ची स्टोव्हला अगदी लागून होती आणि तिच्यावर उशी आणि पांघरूण होतं. रात्रीही तिथेच झोपत असावेत.

आम्ही चहा घेतला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, खिडक्या घट्ट बंद. खोली उबदार होती आणि कितीतरी दिवसांनी मी कुणाबरोबर तरी बसून चहा पीत होते. मला घाई नव्हती. ते बायकोबद्दल बोलत होते आणि मीही कधी नव्हे ते बोलले, नवरा पुण्याला आहे, येईल असं वाटत नाही. हे वाक्य मी तोपर्यंत कुणापाशीच उच्चारलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. पाऊण तास तरी गेला असेल.

मग मी टेप काढून मापं घ्यायला वाकले. रुंदी पाहिली, कागद काढला आणि आकडा विसरले. पुन्हा पाहिली. कागदाकडे वळेपर्यंत पुन्हा गेला. कपाळावर कुणी पट्टा आवळल्यासारखं झालं होतं. मी तिसऱ्यांदा टेप लावला, आकडा लिहिला आणि बघितलं, तर मी उंचीच्या जागी रुंदी लिहिली होती आणि तीही आकडे उलटे करून.

मी टेप हातात धरून तशीच गुडघ्यांवर बसले. काळी काच. ओली लाकडं. धुराडं साफ करणाऱ्याला बोलवणारी बाई गेल्या वसंतातच गेलेली. समुद्रावर थांबणारी डोकेदुखी. खोलीत न येणारा कुत्रा. ज्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याच्याबद्दल मी वर्षानुवर्षं ज्युनियर डॉक्टरांना लेक्चर दिलं होतं. ऑक्सिमीटर अशा वेळी खोटं सांगतो, यंत्रावर जाऊ नका, माणसाकडे बघा, हे माझंच वाक्य होतं. आणि मी पाऊण तास त्या माणसासमोर बसून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

मी उठले. पाय जड झाले होते. खिडकी रंगाने चिकटलेली होती, उघडेना. पुढचं दार सताड उघडलं आणि परत आले. ते डोळे मिटून बसले होते.

‘‘उठा,’’ मी म्हटलं. ‘‘आपल्याला बाहेर जायचंय. आत्ता.’’

ते म्हणाले, दार लावा, खोली गार होईल. मी म्हटलं, खोलीत विषारी वायू आहे. ते म्हणाले, वास तर येत नाही. मी त्यांच्या काखेत हात घातला आणि ऑपरेशन थिएटरमध्ये मी ज्या आवाजात बोलायचे तो आवाज आपोआप आला. ते उठले. उंच माणूस, सगळा भार माझ्यावर. दारापर्यंतची ती आठ-दहा पावलं मला अजून आठवतात. मी त्यांच्या श्वासाबरोबर मोजत होते.

बाहेर दगडी बाक होता. त्यावर त्यांना बसवलं, अंगावर माझा कोट घातला आणि ॲम्ब्युलन्ससाठी ९९९ला फोन केला. कुत्रा येऊन त्यांच्या पायाशी बसला. त्यांना उलटी झाली. मग चेहऱ्यावर जरा रंग आल्यावर ते म्हणाले, ‘‘या वायूचा अलार्म होता. सारखा वाजायचा. मला वाटलं बॅटरी संपली. काढून ड्रॉवरमध्ये टाकला.’’

‘‘कधी?’’

‘‘तीन आठवडे झाले असतील.’’

आम्ही दोघं पावसात बसून राहिलो. मी त्यांचं मनगट धरलं होतं, नाडी बघायला. पण नाडी मोजून झाल्यावरही सोडलं नाही.

ॲम्ब्युलन्स आली, मागोमाग आगीचा बंब. बंबावरच्या माणसाने आत जाऊन मीटर लावला आणि बाहेर येऊन सांगितलं की धुराड्याची नळी डांबरासारख्या काजळीने जवळजवळ बुजलीय. समोरच्या घरातल्या बाईंनी एका रात्रीपुरता कुत्रा घेतला. आम्हा दोघांना हॉस्पिटलला नेलं.

हजारो माणसांच्या तोंडावर मी मास्क ठेवला असेल. माझ्या तोंडावर कुणी ठेवण्याची ती पहिलीच वेळ. रबराचा वास येतो हे पेशंट सांगायचे, मला कधी पटायचं नाही. येतो. तरुण रजिस्ट्रार डॉक्टर होती, नीट, हुशार. तिने माझं रक्त घेतलं, त्यातल्या वायूचा आकडा फार वाईट नव्हता. त्यांचा वाईट होता. मग तिने फॉर्म भरायला घेतला. जवळचं माणूस कोण? मी नवऱ्याचं नाव सांगितलं. पत्ता? मी पुण्याचा सांगितला. तिने पेन थांबवलं आणि विचारलं, इथलं कुणी? मी म्हटलं, मुलगी लंडनला. ती म्हणाली, आज घरी गेल्यावर सोबत कुणी असेल का? मला सोडायचं तर तिला या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ हवं होतं, हे मला माहीत होतं. तिच्या जागी बसून हा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल. किती जणांनी मला खोटं सांगितलं असेल, ते त्या संध्याकाळी कळलं. मी ‘हो’ म्हटलं आणि टॅक्सीने घरी आले.

मुलीला फोन केला. ती इथेच जन्मलेली, लंडनमध्ये वेम्बलीला राहते, शाळेत शिकवते. माझ्याशी मात्र तिच्या मोडक्या मराठीतच बोलते, घाबरली तरी.

‘‘आई, तू एकटी तिथे का गेला? मला सांगायचं ना. मी आली असती.’’

मी म्हटलं, अगं, स्टोव्ह बघायला काय सोबत लागते. ती म्हणाली, तू वेम्बलीला ये, इथे सगळं मिळते, मंदिर आहे, लोक आहे. मी ‘बघू’ म्हटलं. ती रडत होती.

मग नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, ‘‘लेव्हल किती होती?’’ मी सांगितली. त्यांची किती होती? तीही सांगितली. ऑक्सिजन किती वेळ दिला? ईसीजी केला का? सगळे प्रश्न बरोबर होते. कॉलेजात आम्ही एकत्र अभ्यास करायचो तेव्हाही तो असाच क्रमाने विचारायचा आणि मी क्रमाने उत्तरं द्यायचे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तू कशी आहेस, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला त्या गावी गेले, तर समोरच्या बाई कुत्र्याला घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांच्या मांजरांशी त्याचं जमत नव्हतं. मी त्याला गाडीत घातलं. तो नऊ दिवस माझ्याकडे होता. माझ्या मागे मागे जिना चढायचा, उतरायचा, गुडघे दुखत असावेत तरी. सकाळी मी उठायच्या आधी पलंगाशी येऊन उभा राहायचा. मी त्याच्याशी मराठीत बोलायचे आणि त्याला ते चालायचं. त्या नऊ दिवसांत मी त्या गृहस्थांना हॉस्पिटलमध्ये चार वेळा भेटून आले. सुरुवातीला ते गोंधळलेले होते, मला बायकोच्या नावाने हाक मारली. नंतर सावरले. चौथ्या भेटीत मला पाहून पहिला प्रश्न केला, ‘‘माप जुळतं का?’’

मी हसले. म्हटलं, मी नीट मोजलंच नाही.

‘‘मोजा. स्टोव्हची चूक नाही,’’ ते म्हणाले. ‘‘माझी आहे. तो घेऊन जा.’’

मला खरं तर नको होता. त्या काळ्या काचेची आठवणही नको होती. पण घरी परतल्यावर ते सामान बांधू लागले तेव्हा मी मदतीला गेले, थंड पडलेल्या स्टोव्हला टेप लावला, आणि सगळं जुळलं. दोन्ही बाजूंना हवेलाही जागा राहत होती. मग आम्ही दोघांनी बसून तो सुटा केला. दार, जाळी, आतल्या विटा, वरची झाकणी. ते सांगायचे कुठला बोल्ट आधी, मी पाना फिरवायचे. इतका जड स्टोव्ह असा सुटा करून साध्या गाडीतून नेता येतो, हे मला माहीत नव्हतं. पोटाचा भाग तेवढा शेजारच्या दोन माणसांनी उचलून गाडीत ठेवला. कुत्रा मी त्यांच्या स्वाधीन केला. तो त्यांच्या मागे घरात गेला, वळून पाहिलं नाही. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

उन्हाळाभर काम चाललं. धुराडं साफ करायला एक बाई आली, तिने वर ब्रश घालून पक्ष्यांच्या घरट्याच्या काटक्या पोतंभर काढल्या. धुराड्यात आतून स्टीलची नळी घातली. दाराच्या कडेची, फट बुजवणारी झिजलेली दोरी बदलली, काच बदलली. दोन अलार्म बसवले, एक खोलीत, एक जिन्यात. काम करणाऱ्याने विचारलं, एवढ्याशा घराला दोन कशाला. मी म्हटलं, बसवा. कोरडी लाकडं आणून मागच्या शेडमध्ये रचली आणि ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेतलं. नवऱ्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला आणि लिहिलं, छान दिसतोय. मग थोड्या वेळाने लिहिलं, या हिवाळ्यात जमत नाहीये यायला. मी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात पहिल्यांदा पेटवायचं ठरवलं तेव्हा मी त्या गृहस्थांना बोलावलं. गाडी घेऊन गेले आणि कुत्र्यासकट त्यांना घेऊन आले. वांगी-बटाट्याची भाजी आणि गरम पोळ्या केल्या होत्या. त्यांनी सगळं खाल्लं, पोळीला फार नाजूक आहे म्हणाले. मग मी काटक्या रचल्या, कागद पेटवला आणि दार लावलं. काचेआड ज्वाळा पिवळ्याधमक उभ्या राहिल्या. आवाजही वेगळा होता, मोकळा.

ते खुर्चीत ताठ बसले होते. हात गुडघ्यांवर. दहा मिनिटं झाली असतील. मग म्हणाले, ‘‘हेन, मी जरा बाहेर बसतो.’’

मी म्हटलं, अलार्म आहेत, सगळं तपासलंय. ते म्हणाले, मला माहीत आहे. पण उठले. कुत्राही उठला. मी कोट दिला आणि आम्ही मागच्या अंगणात बाकावर बसलो. आत स्टोव्ह जळत होता आणि आम्ही तिघं बाहेर गारठ्यात. त्यांचे डोळे ओले झाले होते, पण ते पुसत नव्हते.

परतताना गाडीत मी विचारलं, नव्या फ्लॅटमध्ये कसं वाटतं. ते म्हणाले, भिंती पातळ आहेत, शेजारी टीव्ही मोठ्याने लावतो. पण एक बरं आहे. रोज सकाळी साडेआठला भिंतीवरच्या स्पीकरमधून एक बाई विचारते, उठलात का. उत्तर दिलं नाही तर किल्ली घेऊन येते.

मग म्हणाले, ‘‘तुम्हाला कोण विचारतं?’’

मी म्हटलं, मुलगी फोन करते, रविवारी.

‘‘आणि बाकीचे दिवस?’’

मी गिअर बदलला. पुढे लांबपर्यंत रस्ता रिकामा होता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी पावणेनऊला फोन वाजला. ‘‘उठलात का, डॉक्टर?’’ मी म्हटलं, उठले. ‘‘बरं,’’ म्हणाले आणि ठेवून दिला. तेव्हापासून हे चालू आहे. रोज नाही. त्यांना आठवतं तेव्हा. मी स्वतःहून करत नाही, कारण त्यांना तिकडे विचारणारी आहे.

आता संध्याकाळी चारलाच अंधार पडतो. मी स्टोव्ह पेटवते आणि खोली लवकर तापते. मुलगी नाताळात दोन दिवस येऊन गेली, स्टोव्हसमोर गालिच्यावर लोळत पुस्तक वाचत बसली, म्हणाली, किती मस्त झाला ही रूम. ती गेल्यावर मी उशा जागेवर ठेवल्या. नवऱ्याच्या खुर्चीची जागा उन्हाळ्यात बदलावी लागली होती. तिथे आता लाकडांची टोपली असते.

ज्या सकाळी फोन येत नाही, त्या सकाळी मी नऊपर्यंत चहाचा कप घेऊन फोनजवळ बसते. मग उठते, राख काढते आणि दिवसाला लागते.